जुनी हातहत्यारं स्वस्तात कशी शोधायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा-तेरा वर्षं पुण्या-मुंबईत जुनी हत्यारं शोधत फिरतोय. रंधे, पटाश्या (लाकूड कोरायच्या), करवती, पाने, व्हाइस (वस्तू जबड्यात घट्ट धरून ठेवणारा), जे हाताने चालतं ते सगळं. ओळखीचे लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. विजेवर चालणारी मशिनं यात नाहीत, तो वेगळा विषय आहे.

नवीन हत्यार घरपोच मिळतं, मग जुनं कशाला शोधायचं?

सगळंच जुनं चांगलं असतं असं मुळीच नाही. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, साधे पाने हे नवीनच घ्या, आपल्या नाशिकच्या तापडियाची पक्कड परवडणाऱ्या किमतीत मिळते आणि वर्षानुवर्षं टिकते, तिच्यासाठी उन्हात फिरायची गरज नाही. जुन्याची खरी मजा आहे ती रंधा, पटाशी, करवत आणि व्हाइस या चार गोष्टींत. कारण सरळ आहे, पन्नास-साठ वर्षांपूर्वी सुताराचं आणि फिटरचं पोट याच हत्यारांवर होतं, त्यामुळे कारखानेसुद्धा ती कामगारासाठी बनवायचे, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाग नीट मुरवून मग घासायचे, पात्याला नीट पाणी द्यायचे, म्हणजे तापवून-विझवून कडक करायचे. पुढे इलेक्ट्रिक प्लेनर आले, रेडिमेड फर्निचर आलं, आणि हाताचा रंधा ही कधीतरी लागणारी वस्तू झाली. आज सात-आठशे रुपयांत जो नवा रंधा मिळतो त्याचा तळ सपाट नसतो, पातं दोन फळ्यांत बोथट होतं आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. तेवढ्याच किंवा त्याहून कमी पैशात इंग्लंडमधल्या शेफिल्डचा जुना रंधा मिळू शकतो, फक्त त्याच्यावर एक रविवार घालवायची तयारी पाहिजे.

पुण्यात कुठे जायचं?

मंगळवार पेठेतला जुना बाजार, कुंभारवेशीजवळ. रविवारी आणि बुधवारी भरतो. रविवारी गर्दी जास्त आणि मालही जास्त, पण मला स्वतःला बुधवार आवडतो, विक्रेत्यांना बोलायला वेळ असतो आणि एखादा काका ओळखीचा झाला की तो पुढच्या वेळी तुमच्यासाठी वस्तू बाजूला काढून ठेवतो. हत्यारं एका रांगेत लावलेली मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. चपला, चार्जर, मिक्सरची भांडी, नळाच्या तोट्या आणि त्यांच्या मधे एका ताडपत्रीवर लोखंडाचा ढीग. त्या ढिगात हात घालावाच लागतो. वरवर दिसणारी वस्तू तुमच्याआधी चार जणांनी उचलून बघितलेली असते, खालची कुणी बघितलेली नसते.

सुटे भाग लागले, म्हणजे कानस, धार लावायचा दगड, पॉलिश पेपर, लाकडी मुठी, तर रविवार पेठेत बोहरी आळी. तिथे सगळं नवीन मिळतं आणि दुकानदार जाणकार आहेत, हातातली वस्तू दाखवली की बरोबर भाग काढून देतात.

आणि मुंबईत?

चोर बाजार, म्हणजे मटण स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्या. यात एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, शुक्रवारी तिथली नेहमीची दुकानं बंद असतात आणि त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावर वेगळा बाजार बसतो. हत्यारांसाठी तोच दिवस. दुकानांत जे पितळी कंपास, दुर्बिणी, चकचकीत पट्ट्या दिसतात त्यातला बराच माल नव्याने बनवून जुना दाखवलेला असतो, शोभेसाठी घ्यायचा असेल तर घ्या, पण त्याने काम होत नाही.

मुंबईत इतकी चांगली जुनी हत्यारं येतात कुठून याचं एक उत्तर गिरण्यांत आहे असं मला वाटतं. प्रत्येक कापड गिरणीत स्वतःचं वर्कशॉप असायचं, तिथे सुतार, फिटर, लोहार कामाला, आणि हत्यारं इंग्लंडहून आलेली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. मोठ्या मशिनांचे लिलाव झाले, छोटी हत्यारं भंगारात गेली किंवा कामगारांच्या घरी राहिली. लालबाग-परळच्या चाळींत रिडेव्हलपमेंट आलं की माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली येतात, मग त्यातली एखादी कुठल्या तरी शुक्रवारी रस्त्यावर दिसते. पेटी उघडलेली बघताना मला दरवेळी वाटतं की हिचा मालक असता तर त्याला दोन गोष्टी विचारता आल्या असत्या.

लहान गावात राहतो, तिथे काय?

उलट तिथे जास्त स्वस्त मिळतं. तालुक्याच्या गावाला एक तरी भंगारवाला असतोच, त्याच्याकडे महिन्यातून एकदा चक्कर मारा आणि चहाला बसा. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या भागात, जिथे फाउंड्री आणि मशीन शॉप पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत, तिथे जुने व्हाइस आणि मोजमापाची हत्यारं निघतात. आणि सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे म्हातारे सुतार. काम थांबलेलं असतं, मुलगा मॉड्युलर किचन करतो, हत्यारं कोपऱ्यात पडलेली. अशा घरी मात्र घासाघीस करू नका, बोलतील तो भाव द्या, आणि ते दाखवायला तयार असतील तर धार कशी लावायची ते त्यांच्याकडूनच शिकून घ्या.

किती वाजता जायचं आणि सोबत काय न्यायचं?

सकाळी लवकर. माल उतरतो तेव्हा तिथे असलात तर तुमचं आणि डीलर लोकांचं दोघांचं नशीब सारखं. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी भाव पडतात हेही खरं, विक्रेत्याला जड लोखंड परत वाहून न्यायचं नसतं, पण तोपर्यंत चांगलं गेलेलं असतं.

पिशवीत एक छोटी स्टीलची पट्टी, लोहचुंबक, टॉर्च, तारेचा ब्रश, फडकं आणि सुट्टे पैसे. पाचशेची नोट दाखवून दीडशेचा भाव करता येत नाही. युपीआय हल्ली सगळीकडे चालतं तरी रोख हातात दिसली की सौदा पटकन होतो. हातात जाड मोजे घाला, गंजलेल्या पात्याने बोट कापलं की दिवस संपतो, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते एकदा आठवा.

जुना लोखंडी रंधा घेताना काय बघायचं?

याचं उत्तर लांब आहे कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

आपल्याकडे बहुतेक स्टॅनली आणि रेकॉर्ड हे दोन ब्रँड सापडतात. आकार नंबरवर चालतो, ४ नंबर म्हणजे साधारण साडेनऊ इंच लांब आणि दोन इंच पातं, ५ नंबर चौदा इंच, ७ नंबर बावीस इंच. रेकॉर्डवाले पुढे शून्य लावतात, ०४, ०५, बाकी मापं तीच. पहिला रंधा घेत असाल तर ४ किंवा ५ घ्या, बाकीच्यांच्या मागे लागू नका.

आधी तडा शोधा. पातं ज्या फटीतून बाहेर येतं तिच्या दोन्ही कोपऱ्यांना आणि बाजूच्या भिंतींना टॉर्च मारून बघा. बीड पडलं की तिथेच तडकतं. २०१६ मध्ये मी एक ५ नंबरचा रंधा सहाशे रुपयांना घेतला, काळा रंग नुकताच मारलेला होता, दिसायला इतका देखणा की मी पातं काढून बघितलंच नाही. घरी थिनरने रंग काढला तर फटीच्या डाव्या कोपऱ्यातून केसासारखी रेघ निघाली, पाऊण इंच वर गेलेली, आत ग्रीस आणि रंग भरून बुजवलेली. सागाच्या फळीवर दोनदा चालवला आणि ती रेघ उघडली. तो रंधा अजून माझ्याकडे आहे, त्याचे सुटे भाग वापरले, पण सहाशे गेले ते गेले. तेव्हापासून नियम केला की ताजा रंग मारलेलं काहीही घ्यायचं नाही, गंज परवडला. गंजाखाली काय आहे ते निदान कळतं.

पातं सुटं करून बोटावर लटकवून हलकेच ठोका आणि रंध्याच्या बॉडीलाही ठोका, सलग बिडाचा आवाज घुमतो, तडकलेल्याचा भद्द येतो. मग पात्याची लांबी बघा, खाचेच्या खाली निदान इंचभर पोलाद शिल्लक पाहिजे. पात्याची सपाट बाजू, म्हणजे पाठ, गंजाने खड्डे पडलेली असेल तर भाव निम्मा करा, धार तिथेच तयार होते. मागचं पितळी चाक फिरवून बघा, त्याचे आटे उलटे असतात त्यामुळे डावीकडे फिरवल्यावर घट्ट होतं, बिघडलं म्हणून कोणी सोडून दिलेला रंधा कधी कधी एवढ्याच गैरसमजामुळे स्वस्तात मिळतो. मुठीचा बोल्ट आहे का नक्की बघा, स्टॅनलीच्या या बोल्टचे आटे जगावेगळे आहेत, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात तो मिळत नाही.

लाकडी मूठ तुटलेली असेल तर अजिबात घाबरू नका, उलट त्यावर भाव पाडा. शिसवीच्या तुकड्यातून नवी करता येते किंवा जुनी एपॉक्सीने चिकटते.

पटाश्या कशा ओळखायच्या?

शेफिल्डच्या पटाश्यांवर मार्पल्स, सॉर्बी, वॉर्ड अँड पेन अशी नावं सापडतात आणि बऱ्याच जणींवर कास्ट स्टील असं कोरलेलं असतं. ते वाचून लोक बिडाची समजून खाली ठेवतात, आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं. ते बीड नव्हे, मुशीत वितळवून ओतलेलं पोलाद आहे, १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने शेफिल्डमध्ये ही पद्धत बसवली आणि त्या काळातलं ते उत्तम पोलाद. असं लिहिलेलं दिसलं की घ्या.

टोकाला निळा-जांभळा रंग दिसतोय का बघा. ग्राइंडरवर कोणी तापवून ठेवली असेल तर पाणी उतरलेलं असतं, तेवढा भाग मऊ पडतो आणि घासून काढावा लागतो. छोटी कानस जवळ असेल तर टोकाजवळ हलकेच घासा, कानस सरकत गेली तर पोलाद कडक आहे, कुरतडलं तर मऊ. विक्रेत्याला विचारून करा एवढंच.

करवतीत काय बघायचं?

डोळ्यासमोर धरून दात खाली ठेवून लांबीत बघा, पातं सरळ रेषेत पाहिजे. हलका बाक निघतो, कडक मोड निघत नाही. वाकवून सोडल्यावर सरळ झालं पाहिजे. दात बोथट असले तरी चालतात, तिकोनी कानशीने परत काढता येतात. पण दातांच्या टोकाला काळपट निळी पट्टी दिसली तर ती नवीन प्रकारची करवत, तिचे दात कानशीपेक्षा कडक असतात, धार लावता येत नाही, ती जुन्याच्या भावात घेऊ नका. अमेरिकेची डिस्टन किंवा इंग्लंडची स्पिअर अँड जॅक्सन मिळाली तर मुठीवरचं गोल पितळी बटण बघा, त्यावर नाव असतं.

व्हाइस आणि ऐरण?

व्हाइस घेताना जबडा पूर्ण उघडा. विक्रेता म्हणेल गंजलाय, तेल टाकलं की फिरेल, पण दांडा शेवटपर्यंत फिरवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आटे झिजलेले असतील तर दांडा अर्धा फेरा नुसताच फिरतो. बिडाला वेल्डिंग केलेलं दिसलं तर सोडून द्या. बाकी जबड्याची पट्टी झिजणं, रंग उडणं याचं काही नाही. भारी व्हाइस किलोच्या भावात मिळाला तर तो त्या दिवसातला सगळ्यात चांगला सौदा.

ऐरण खरी मिळणं अवघड. मिळाली तर हातोडी हलकेच टाकून बघा, चांगल्या ऐरणीवर ती उसळी घेते आणि आवाज खणखणीत येतो. बऱ्याच ठिकाणी रुळाचा तुकडा ऐरण म्हणून विकतात. कामाला तो छान आहे पण घेऊ नका. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो तुमच्याकडे कसा आला हे तुम्हालाच सांगावं लागतं.

गुण्या, पाणसळ, व्हर्निअर जुनी घ्यावीत का?

घ्यावीत, पण तिथल्या तिथे तपासून. गुण्या एखाद्या सरळ फळीच्या कडेला लावून रेघ मारा, मग पालथा करून त्याच जागी दुसरी रेघ, दोन्ही एकमेकींवर बसल्या तर काटकोन बरोबर. पाणसळ एका जागी ठेवा, बुडबुडा कुठे आहे बघा, टोकाला टोक फिरवून परत ठेवा, तिथेच आला पाहिजे. व्हर्निअरचे जबडे मिटून उजेडासमोर धरा, मधून प्रकाश दिसायला नको आणि शून्य शून्यावर बसायला हवं. मितुतोयो, स्टॅरेट, मूर अँड राइट ही नावं दिसली तर थांबा. खाली पडून वाकलेलं मोजमापाचं हत्यार मात्र कितीही स्वस्त असलं तरी नको.

पान्यावर विचित्र आकडे आहेत, माझ्या नटला बसत नाही, असं का?

तो बहुतेक व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचा, पाना. जुन्या ब्रिटिश पान्यांवर पाव डब्ल्यू, तीन अष्टमांश डब्ल्यू असं लिहिलेलं असतं आणि तो आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नाही. म्हणजे पाव इंच डब्ल्यूच्या पान्याचं तोंड जवळजवळ सव्वातेरा मिलिमीटर भरतं, १३ चा पाना त्या नटवर चढत नाही आणि १४ चा ढिला होऊन नट गोल करतो. एकाच पान्यावर डब्ल्यू आणि बीएस असे दोन आकडे दिसतात, त्यात गोंधळायचं कारण नाही, एकाच तोंडाला दोन वेगवेगळ्या आट्यांचे बोल्ट चालतात. जुनी इंग्लिश गाडी किंवा लेथ सांभाळणाऱ्यांना हे पाने सोन्यासारखे, बाकीच्यांनी कितीही सुंदर दिसले तरी घेऊन ठेवू नयेत.

हत्यार किती जुनं आहे ते कसं कळणार?

देशाचं नाव वाचा. वेस्ट जर्मनी लिहिलेलं असेल तर १९४९ ते १९९० च्या मधलं. यूएसएसआर असेल तर १९९१ पर्यंतचं, चेकोस्लोव्हाकिया असेल तर १९९३ च्या आधीचं. बाणासारखी छोटी खूण आणि जवळ साल असेल, समजा १९४३, तर ते ब्रिटिश सरकारी किंवा लष्करी हत्यार, अशी हत्यारं युद्धानंतर डिस्पोजलमध्ये निघाली. अमेरिकन स्टॅनली रंध्यात पात्याच्या बैठकीच्या मागे तीन पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतील तर तो साधारण १९१० ते १९१८ मधला, पण असा आपल्याकडे क्वचितच सापडतो, मला आजवर एकच दिसलाय आणि तो विकणाऱ्याला द्यायचा नव्हता.

भाव कसा करायचा?

दोन आकडे डोक्यात पाहिजेत. एक, भंगारात लोखंडाचा किलोचा दर सध्या काय चाललाय, दुसरा, तीच वस्तू नवीन केवढ्याला मिळते. तुमचा भाव या दोघांच्या मधे कुठेतरी. मी २०१९ मध्ये रेकॉर्डचा ०४ साडेचारशेला घेतला, मार्पल्सच्या तीन पटाश्या साठ-साठ रुपयांना. आज थोडं वर धरा.

ब्रँडचं नाव तोंडातून काढू नका आणि मोबाइलवर किंमत शोधत उभं राहू नका, समोरचा माणूस रोज हेच करतो, तुमचा चेहरा वाचतो. हवी ती वस्तू एकटी न विचारता आणखी दोन वस्तूंबरोबर हातात घ्या आणि तिन्हीचे मिळून किती म्हणून विचारा. काका, भाऊ, चाचा म्हणून नीट बोला. सकाळची भवानी असेल तर थोडं जास्त द्या, ती लक्षात राहते. आणि तुम्ही सांगितलेला भाव त्याने मान्य केला की मग मागे फिरायचं नाही, बाजारात हे फार वाईट दिसतं.

घासाघीस एका मर्यादेपर्यंतच. दीडशेची वस्तू शंभरला मिळत असेल तर वीस रुपयांसाठी अजून अर्धा तास घालवण्यात अर्थ नाही, त्या माणसाने सकाळी पाच वाजता माल वाहून आणलेला असतो.

चोरीचा माल निघाला तर?

ही भीती योग्य आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना माल घेणं गुन्हा आहे. म्हणून कंपनीचं किंवा सरकारी खात्याचं नाव ताजं कोरलेलं हत्यार, एकसारखे दहा नवे कोरे पाने, नुकताच कापलेला माल, हे सगळं टाळा. नेहमी एकाच जागी बसणाऱ्या विक्रेत्याकडून घ्या. पन्नास वर्षांचा गंज चढलेला रंधा कोणी काल चोरून आणलेला नसतो, पण कालपर्यंत एखाद्या साइटवर चालणारं हत्यार आणलेलं असू शकतं, आणि त्याच्यामागे कुणाची तरी रोजंदारी असते.

ओएलएक्स, फेसबुकवरून घ्यावं का?

जवळच्या जवळ, जाऊन बघून, हातात घेऊन घेणार असाल तर हो. फ्लॅट रिकामा करणारे लोक आजोबांची पूर्ण पेटी टाकतात आणि त्यांना ती लवकर जायला हवी असते. ॲडव्हान्स पाठवा मग कुरिअर करतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका, मी लष्करात आहे, बदली झाली म्हणून विकतोय ही गोष्ट तर नक्कीच ऐकायला मिळेल. शोधताना नेमकं नाव टाकू नका. चांगल्या वस्तू "सुतारकाम सामान", "जुने लोखंडी सामान", "ओल्ड टूल्स" अशा नावांखाली सापडतात कारण विकणाऱ्याला ते काय आहे हेच माहीत नसतं.

गंज कसा काढायचा?

हलका गंज असेल तर डिझेल किंवा मशीनचं तेल टाकून तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने निघतो. जास्त असेल तर लिंबूसत, किराणा दुकानात मिळतं, लिटरभर पाण्यात पन्नास-साठ ग्रॅम, त्यात हत्यार बुडवून ठेवा. दर दोन तासांनी बाहेर काढून घासा आणि बघा, रात्रभर विसरलात तर चांगलं पोलादसुद्धा खाल्लं जातं. बाहेर काढल्यावर लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, हेअर ड्रायरने किंवा उन्हात पूर्ण सुकवा आणि लगेच तेल लावा. या लगेचला खूप महत्त्व आहे, पाच मिनिटं फोनवर बोलत राहिलात तर नारिंगी थर परत येतो. व्हर्निअर आणि क्रोम केलेल्या वस्तू यात टाकायच्या नाहीत.

खूपच गंजलं असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून काढता येतं. हत्यार निगेटिव्हला, लोखंडाचा टाकाऊ तुकडा पॉझिटिव्हला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. हे उघड्यावरच करा कारण हायड्रोजन निघतो, आणि पॉझिटिव्हला स्टीलचा चमचा किंवा स्टीलचं भांडं कधीच लावू नका, स्टेनलेसमधल्या क्रोमियममुळे पाणी विषारी होतं. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, घरात लहान मुलं असतील तर ओला करून घासा आणि ते पाणी नीट टाका.

धार लावायला महागडे दगड लागतात का?

नाही. कार्बोरंडमचा दुहेरी दगड, एक बाजू जाडी एक बारीक, तेवढ्यावर सुरुवात होते. रंध्याचा तळ आणि पात्याची पाठ सपाट करायला जाड काचेचा तुकडा आणि त्यावर पॉलिश पेपर, १२० नंबरपासून सुरू करून हजारपर्यंत. काचेच्या दुकानात उरलेला दहा-बारा मिलिमीटर जाडीचा तुकडा स्वस्तात देतात, कडा घासून घ्या. शेवटी चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर दहा हात. हातावरचा केस तासला गेला की झालं.

कुऱ्हाड, वाकस, छिन्नी यांचं पाणी गेलं असेल तर घिसाडी समाजाचे लोक गावोगाव फिरून भट्टी लावतात त्यांच्याकडे न्या. रंगावरून पाणी ओळखण्याची त्यांची नजर पुस्तकातून येत नाही. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुललेलं असेल तर वापरायच्या आधी ग्राइंडरवर ती झालर काढा, ती तुटून डोळ्यात उडते.

मुठी आणि दांड्यांना काय लावायचं?

जवसाचं तेल, कपड्याने चोळून, पातळ, तीन-चार दिवस रोज. एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो, तेलाने भिजलेला कपडा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

पावसाळ्यात परत गंज येतो, काय करायचं?

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा खरा प्रश्न आहे. शिवणयंत्राचं तेल कापडाला लावून ते कापड पेटीत ठेवा आणि वापरून झालं की प्रत्येक हत्यारावरून एक हात फिरवा. खोबरेल बरेच जण लावतात, कामापुरतं ठीक आहे, पण महिनोन्‌महिने राहिलं तर चिकट होतं आणि थंडीत गोठतं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत गुंडाळून ठेवू नका, ओल धरून ठेवतात.

मी इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेत राहतो, तिकडे शोधू का?

नक्की. इंग्लंडमध्ये रविवार सकाळचे कार बूट सेल, अमेरिकेत गराज सेल आणि इस्टेट सेल. ही हत्यारं तिथलीच, त्यामुळे माल भरपूर. भारतात येताना आणायचं असेल तर सगळं चेक-इन बॅगेत, पाती गुंडाळून, आणि वजनाकडे लक्ष, एक ५ नंबरचा रंधा दोन किलोच्या वर जातो.

मुठीवर आधीच्या मालकाचं नाव कोरलंय, घासून काढू का?

मी काढत नाही. सुतार मंडळी हत्यार एकमेकांत मिसळू नये म्हणून खिळ्याने किंवा पोगराने आद्याक्षरं उठवायचे. माझ्याकडे एक इंची पटाशी आहे, मुठीवर "ग. वि." एवढंच आहे, आणि जिथे पातं मुठीत शिरतं त्या कड्याच्या खाचेत लाल काहीतरी बसलेलं होतं. मी आधी गंजच समजलो. सुईने उकरलं तर कुंकू निघालं, वर्षानुवर्षं खंडेनवमीला लावलेलं, थरावर थर, अगदी दगडासारखं घट्ट. बाकी सगळी पटाशी मी साफ केली, धार लावली, तिने रोज काम करतो, ती खाच तशीच ठेवली आहे. खंडेनवमीला नवीन बोट त्याच जागी लागतं.